ठोकळ्यांची त्रिमितीय कोडी: फोडण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

कडेला आकडे आणि आत काळ्या-पांढऱ्या चौकटी असलेली सपाट कोडी ज्यांना झरझर सुटतात, तीच माणसं ठोकळ्यांच्या त्रिमितीय कोड्यात सुरुवातीलाच डाव घालवून बसतात. आमच्या गावच्या वाचनालयात उन्हाळ्याच्या दुपारी, बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, मुलं ही कोडी घेऊन बसतात. सातवीतला पोरगा असो की पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, चुका त्याच. आकडा कोणत्या दिशेने वाचायचा ते चुकतं. ज्या रांगेला आकडाच नाही तिला शून्य समजलं जातं. आणि एका रांगेचं उत्तर दिसलं की हात लगेच फोडायला धावतो.

हा लेख त्या क्रमासाठी आहे. शेवटी एक छोटं कोडं पूर्ण सोडवून दाखवलं आहे. वही-पेन्सिल घेऊन वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

## नियम, पण नीट

समोर लहान लहान ठोकळ्यांनी भरलेला एक मोठा ठोकळा असतो. त्यातले काही ठोकळे फोडायचे आणि काही ठेवायचे. जे उरतं त्यातून एखादी वस्तू तयार होते. ठोकळ्यांच्या बाहेरच्या चेहऱ्यांवर आकडे असतात.

साधा आकडा: त्या रांगेत तेवढे ठोकळे ठेवायचे, आणि ते सगळे एकमेकांना लागून, म्हणजे एकच गट.

गोलातला आकडा: एकूण तेवढेच ठोकळे, पण बरोबर दोन गटांत. मध्ये निदान एक जागा रिकामी.

चौकोनातला आकडा: एकूण तेवढेच, पण तीन किंवा त्याहून जास्त गटांत.

शून्य: संपूर्ण रांग फोडायची.

आकडा नाही: त्या रांगेबद्दल काहीही सांगितलेलं नाही. ती पूर्ण भरलेली असू शकते, पूर्ण रिकामी असू शकते किंवा मधलं काहीही.

सपाट कोड्यात कडेला "२ १" असं लिहिलेलं असतं, त्यावरून गटांची मापंही कळतात आणि क्रमही. इथे गोलातला ३ फक्त एवढंच म्हणतो की एकूण तीन आहेत आणि गट दोन आहेत. आधी दोन मग एक, की आधी एक मग दोन, हे तो सांगत नाही. सपाट कोड्यांची सवय असलेला माणूस तो क्रम मनानेच धरून चालतो आणि तिथे फसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आकडा ज्या चेहऱ्यावर लिहिला आहे, त्या चेहऱ्यातून सरळ आत, आरपार जाणाऱ्या रांगेचा तो आकडा असतो. बोअरचं तोंड वर दिसतं पण माप आतल्या खोलीचं असतं, तसंच हे. समोरच्या चेहऱ्यावरचा ३ म्हणजे समोरून मागे जाणाऱ्या रांगेत तीन. त्या चेहऱ्यावर डावीकडून उजवीकडे तीन असा त्याचा अर्थ नाही. वरच्या चेहऱ्यावरचा आकडा वरून खाली जातो, बाजूचा आकडा डावीकडून उजवीकडे.

> तपासा: कोडं सुरू करण्याआधी कोणत्याही एका आकड्यावर बोट ठेवा आणि ती रांग कुठून निघून कुठे संपते ते तोंडाने सांगा. सांगता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

## तयारी

माप घ्या. रुंदी किती, उंची किती, खोली किती हे आधी लिहून ठेवा. ३ हा आकडा तीन लांबीच्या रांगेत असेल तर सगळं सांगून टाकतो, आठ लांबीच्या रांगेत जवळजवळ काहीच सांगत नाही. लांबी माहीत नसेल तर आकड्याचा उपयोग शून्य.

पेटी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा. ५×५×५ च्या पेटीत १२५ ठोकळे असतात. एका कोपऱ्यातून पाहिलं तर त्यातले जास्तीत जास्त ६१ दिसतात. उरलेले ६४ नजरेआडच राहतात, आणि त्यातले २७ तर कोणत्याही बाजूने दिसत नाहीत. एकाच बाजूने पाहून सोडवायला बसलेला माणूस अर्ध्याहून जास्त कोडं न बघताच सोडवत असतो.

दोन खुणा ठरवा. फोनवर किंवा खेळण्याच्या यंत्रावर हातोडा आणि रंगाचा ब्रश असे दोन वेगळे पर्याय असतात. वहीवर आम्ही "ठेवायचा" यासाठी भरीव ठिपका ● आणि "फोडायचा" यासाठी फुली × वापरतो. तिसरी खूण वापरू नका. "बहुतेक" अशी खूण केली की ती थोड्या वेळाने "नक्की" वाटायला लागते.

वहीवर थर मांडा. गावात घरटी एकच फोन, तोही बाबा शेतातून आल्यावर हातात येणार आणि तेवढ्यात लाईन गेली तर तेही नाही. म्हणून आमच्याकडे बहुतेक कोडी चौकटीच्या वहीवरच सुटतात. मला तीच पद्धत जास्त आवडते. कोड्याचे आडवे थर कल्पना करून एकेक वेगळा काढा: सगळ्यात खालचा थर १, त्याच्या वरचा थर २, असे. प्रत्येक थर म्हणजे रुंदी × खोली एवढ्या चौकटी. सगळे थर एकाच पानावर, शेजारी शेजारी, आणि सगळ्यांची "पुढची" बाजू पानाच्या खालच्या कडेला. एका थराची पुढची बाजू खाली आणि दुसऱ्याची वर असं झालं की पुढचं सगळं वाया.

उभ्या रांगेचा आकडा तपासताना प्रत्येक थरातली तीच चौकट पाहायची. सुरुवातीला हे जड जातं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सुताराकडे पडलेल्या सागाच्या तुकड्यांतून सारखे ठोकळे कापून घ्या. शेतातल्या काळ्या मातीचे ठोकळे करू नका. वाळताना ही माती आकसते आणि तडकते, दोन दिवसांनी एकही ठोकळा चौकोनी राहत नाही.

## टप्पा १: शून्य आणि भरलेल्या रांगा

पहिली फेरी फक्त दोन प्रकारच्या रांगांसाठी. जिथे आकडा शून्य, तिथे अख्खी रांग ×. जिथे आकडा रांगेच्या लांबीएवढा, तिथे अख्खी रांग ●. या फेरीत दुसरं काहीही करायचं नाही, कितीही सोपं दिसत असलं तरी.

कारण असं, की इथे एकाही रांगेत विचार करावा लागत नाही, म्हणून चूकही होत नाही. या फेरीतून जे ठिपके आणि फुल्या मिळतात त्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

> सावधान: बिनआकडी रांग म्हणजे शून्य नाही. एकदा एका पोराने अशी रांग पूर्ण फोडली आणि म्हणाला, "दादा, शून्यच हाये न तिथं!" नाही रे बाप्पा, तिथं काहीच लिहिलेलं नाही. शून्य असतं तेव्हा शून्य छापलेलं असतं.

## टप्पा २: गोल आणि चौकोनाची टोकं

गोलातला आकडा रांगेच्या लांबीपेक्षा एकने कमी असेल तर रिकामी जागा फक्त एक, आणि तीसुद्धा आत. म्हणून दोन्ही टोकं ●. पाच लांबीच्या रांगेत गोलातला ४ असेल तर पहिला आणि पाचवा नक्की राहतात. रिकामी जागा दुसरी, तिसरी किंवा चौथी, ते अजून माहीत नाही. तीन लांबीच्या रांगेत गोलातला २ असेल तर सगळंच कळतं: दोन टोकं ●, मधला ×.

चौकोनाचंही तसंच. पाच लांबीत चौकोनातला ३ म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा. दुसरी मांडणीच शक्य नाही. सहा लांबीत चौकोनातला ४ असेल तर तीन मांडण्या शक्य आहेत (१-२-४-६, १-३-४-६, १-३-५-६), पण दोन्ही टोकं तिन्हींत आहेत, म्हणून टोकं ●.

आकडा याहून लहान असेल तर घाई नको. पाच लांबीत गोलातला ३ घ्या. त्याच्या सहा मांडण्या होतात आणि त्या सहांमध्ये कोणतीही एक जागा कायम नाही. अशी रांग आत्ता सोडून द्या. दुसऱ्या दिशेने एखादा ठिपका किंवा फुली आली की मग ती बोलायला लागते.

## टप्पा ३: मधला नक्की भाग

साधा आकडा रांगेच्या अर्ध्याहून मोठा असेल तर मधले काही ठोकळे नक्की राहतात. सात लांबीत ५ असेल तर गट अगदी डावीकडे सरकवा: १ ते ५. अगदी उजवीकडे सरकवा: ३ ते ७. दोन्हींत येतात ते ३, ४, ५. ते ●. हिशेब सोपा आहे: आकड्याची दुप्पट वजा लांबी. उत्तर शून्य किंवा उणे आलं तर या रांगेतून काही मिळत नाही.

यात लोक एक गोष्ट विसरतात. लांबी म्हणजे मूळ लांबी नव्हे, आत्ता शिल्लक असलेली जागा. रांगेच्या टोकाचे दोन ठोकळे आधीच फुटले असतील तर सात लांबीची रांग पाच लांबीची झाली, आणि मघाशी गप्प बसलेला ३ आता मधला एक ठोकळा देतो. म्हणून टप्पा ३ एकदा करून संपत नाही. दर नव्या फुलीनंतर त्या रांगेकडे परत यायचं.

हीच गोष्ट उलट बाजूनेही चालते. आठ लांबीच्या रांगेत ३ आहे आणि दुसऱ्या जागी ● आला. गट एकच असल्याने तो चौथ्या जागेच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे ५, ६, ७, ८ ×. गोलातही असंच: सहा लांबीत गोलातला ३, दोन्ही टोकांना ● आले असतील तर तिसरा ठोकळा या दोघांपैकी एकाला लागूनच हवा, नाहीतर गट तीन होतील. म्हणजे तो दुसरा किंवा पाचवा. तिसरा आणि चौथा ×.

## टप्पा ४: प्रत्येक खुणेनंतर तीन दिशा

हा या लेखाचा गाभा आहे, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त कोडी इथेच अडकतात.

सपाट कोड्यात एक चौकट दोन रांगांत असते, आडव्या आणि उभ्या. इथे प्रत्येक ठोकळा तीन रांगांत असतो. एका रांगेमुळे ठिपका मिळाला तर उरलेल्या दोन रांगांना ती नवी बातमी असते. ती लगेच पोहोचवायची. मुलं एका दिशेच्या सगळ्या रांगा आधी संपवतात, मग दुसरी दिशा घेतात आणि तिसरीकडे पोहोचेपर्यंत आधी काय बदललं ते विसरून जातात. मग "काहीच पुढं जात नाही" म्हणतात, आणि कोडं समोरच सुटायला तयार असतं.

सवय अशी लावा: खूण केली की त्याच ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणायचं, "वरून, समोरून, बाजूने." तिन्ही आकडे वाचायचे. त्यातला एखादा आकडा पूर्ण झाला असेल तर त्या रांगेतले उरलेले सगळे ×. एखाद्या रांगेत शिल्लक जागा आणि उरलेला आकडा सारखा झाला असेल तर उरलेले सगळे ●. सुरुवातीला हे फार हळू चालतं. चालू द्या.

> सावधान: गोलातल्या रांगेत आकडा पूर्ण झाला तरी गट दोनच आहेत ना ते बघा. आकडा जुळला पण गट एकच झाला असेल तर कुठेतरी आधीची खूण चुकली आहे.

## टप्पा ५: काप पाडून बेरीज

एक सपाट काप घ्या, समजा सगळ्यात डावीकडचा उभा पडदा. त्यात दोन दिशांच्या रांगा आहेत: उभ्या आणि पुढून मागे जाणाऱ्या. उभ्या रांगांच्या आकड्यांची बेरीज म्हणजे त्या कापात उरणारे एकूण ठोकळे. दुसऱ्या दिशेची बेरीजही तेवढीच यायला हवी, कारण ठोकळे तेच आहेत.

त्यामुळे कापातली फक्त एक रांग बिनआकडी असेल तर तिचा आकडा वजाबाकीने मिळतो. आकडाच मिळतो, गट किती ते नाही, हे लक्षात ठेवा. दोन रांगा बिनआकडी असतील तर दोघींची मिळून बेरीज मिळते, आणि कधी कधी तेवढंही पुरतं.

फोनवरच्या खेळांत पेटीचे काप बाजूला सरकवून आतलं बघायची सोय असते. ती सोय ही बेरीज करायलाच वापरा. नुसतं "आत काय आहे" बघायला काप उघडला तर डोळे भिरभिरतात आणि हाती काही लागत नाही.

## एक पूर्ण कोडं

रुंदी ३, उंची ४, खोली ३. एकूण ३६ ठोकळे. रुंदीतल्या जागांना डावीकडून क, ख, ग म्हणू. खोलीतल्या जागा: पुढे, मधे, मागे. थर खालून १ ते ४. आकडा नाही तिथे रेघ आहे.

वरून (लांबी ४), क-ख-ग या क्रमाने
पुढे: २, १, २
मधे: १, १, १
मागे: –, ३, ४

समोरून (लांबी ३), क-ख-ग या क्रमाने
थर ४: १, –, १
थर ३: १, १, १
थर २: ३, ३, –
थर १: २ (गोल), –, –

बाजूने (लांबी ३), पुढे-मधे-मागे या क्रमाने
थर ४: –, –, ३
थर ३: –, –, –
थर २: –, –, –
थर १: –, ०, २ (गोल)

इथे थांबा आणि वहीवर चार थर काढून स्वतः करून पाहा. मग पुढचं वाचा.

टप्पा १. बाजूने थर १ ची मधली रांग शून्य: तिथले क, ख, ग तिन्ही ×. बाजूने थर ४ ची मागची रांग ३: तिन्ही ●. समोरून थर २ च्या क आणि ख रांगा ३ आणि ३: सहाही ●. वरून ग-मागे ४: चारही थरांत ●.

टप्पा २. समोरून थर १ क, गोलातला २: क-पुढे आणि क-मागे ●. बाजूने थर १ मागे, गोलातला २: क-मागे आणि ग-मागे आधीच ● आहेत, म्हणून ख-मागे ×.

टप्पा ३. वरून ख-मागे ३. मूळ लांबी ४, पण थर १ चा आत्ताच × झाला, म्हणून शिल्लक जागा ३. दुप्पट सहा, वजा तीन, तीन. म्हणजे थर २, ३ आणि ४ तिन्ही राहतात. थर २ आणि ४ चे आधीच आहेत, थर ३ चा नवा ●.

टप्पा ४. आता बोट फिरवायचं.
वरून ख-पुढे १ आहे आणि थर २ मध्ये ● आहे: थर १, ३, ४ ×. ख-मधे १: थर ३, ४ ×. क-मधे १: थर ३, ४ ×. क-पुढे २ आहे, थर १ आणि २ झालेत: थर ३, ४ ×.
समोरून थर ३ ग १ आहे, मागचा ● आहे: पुढचा आणि मधला ×. थर ४ ग लाही तेच.
आता वरून ग-पुढे २: थर ३ आणि ४ गेले, म्हणून थर १ आणि २ ●. ग-मधे १: थर १, ३, ४ गेले, म्हणून थर २ ●.
समोरून थर ३ क १: पुढचा आणि मधला गेले, म्हणून मागचा ●.

संपलं. १९ ठोकळे उरले, १७ फुटले. चार पाय, एक सपाट बैठक, मागे टेका: खुर्ची.

टप्पा ५, ताळा म्हणून. क चा उभा काप घ्या. समोरून आलेले आकडे २ + ३ + १ + १ = ७. वरून आलेले २ + १ आणि एक बिनआकडी. म्हणजे क-मागे ४. उत्तरात क-मागे चारही थर भरलेत, जुळलं. ख च्या कापात वरून १ + १ + ३ = ५, समोरून ३ + १ आणि दोन बिनआकडी. दोघी मिळून १. पण थर ४ चा ख-मागे पहिल्याच टप्प्यात ● झाला होता, म्हणजे तो १ थर ४ चा, आणि थर १ ची ख रांग पूर्ण रिकामी. ही बेरीज टप्पा १ नंतर लगेच केली असती तर चार फुल्या आधीच मिळाल्या असत्या. लहान कोड्यात फरक पडत नाही. आठ-नऊ लांबीच्या कोड्यात पुष्कळदा हीच बेरीज कुलूप उघडते.

क-मागे या रांगेला आकडा नव्हता आणि ती पूर्ण भरलेली निघाली, तेही बघून ठेवा. बिनआकडी रांग शून्य समजणाऱ्याने खुर्चीचा पायच तोडला असता.

## अडकल्यावर

आधी खात्री करा की खरंच अडकलात. ज्या रांगांत शेवटची खूण झाल्यानंतर परत बघितलं नाही, त्या सगळ्या एकदा बघा. बहुतेक वेळा इथेच वाट मिळते.

तरीही नाही मिळाली तर अशी रांग शोधा जिच्यात फक्त दोनच मांडण्या शिल्लक आहेत. पहिली मांडणी खरी धरा आणि वहीच्या दुसऱ्या पानावर, मूळ पानावर नव्हे, ती पुढे न्या. कुठे विरोध आला, म्हणजे एखाद्या रांगेत जागा कमी पडली किंवा गट जास्त झाले, तर दुसरी मांडणी खरी. विरोध आला नाही तर काहीच सिद्ध झालं नाही. "चाललं म्हणजे बरोबरच" असं धरून पुढे जाणं ही इथली नेहमीची चूक आहे.

फोनवर काही जण फोडून बघतात, चूक दाखवली तर ठोकळा ठेवायचा म्हणतात. निन्टेन्डोच्या २००९ साली जपानमध्ये आलेल्या पिक्रॉस थ्रीडी या खेळात पाच चुका झाल्या की कोडं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, हा चाळा सोडायला तेवढं कारण पुरेसं आहे. पण खरी अडचण वेगळी आहे. चूक करून सूचना विकत घेत सोडवलेल्या कोड्यात पुढच्या कोड्यासाठी हात तयार होत नाही. आणि वहीवर तर कोणी थांबवायलाही नसतं. चुकीची फुली शांतपणे पुढे पसरत जाते आणि दहा खुणांनंतर कुठेतरी आकडा जुळत नाही.

असं झालं तर सगळं पुसू नका. जो आकडा जुळत नाही त्या रांगेतली प्रत्येक खूण कोणत्या कारणाने केली ते आठवा. यासाठी आम्ही मुलांना टप्प्यागणिक खूण वेगळ्या रंगाच्या पेनाने करायला सांगतो. चूक ज्या टप्प्यात झाली त्याच्या नंतरच्याच खुणा पुसाव्या लागतात.

## नेहमी होणाऱ्या आणखी काही चुका

चित्र ओळखून सोडवणं. "बैलच आहे हा, इथं शिंग पाहिजे" म्हणून ठिपका मारला जातो. वस्तू ओळखली तर आनंद आहेच, पण कोडं करणाऱ्याने शिंग एका बाजूला वाकवलेलं असू शकतं. खूण आकड्यानेच करायची.

सममिती धरणं. खुर्चीच्या कोड्यात डावी आणि उजवी बाजू सारखी निघाली, पण आकडे दोन्ही बाजूंना वेगवेगळे दिलेले होते. दोन्ही बाजू स्वतंत्र सोडवल्या म्हणूनच उत्तर पक्कं आहे.

आतले ठोकळे विसरणं. भरीव दिसणारी वस्तू आतून पोकळ असू शकते. आतल्या ठोकळ्यालाही तीन रांगा असतातच, त्यांचे आकडे वाचल्याशिवाय तो ना ठेवायचा ना फोडायचा.

आणि ठिपका न मारता फक्त फुल्या मारत जाणं. "ठेवायचे ते राहतीलच" हे म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. पण मग नक्की राहणारा ठोकळा आणि अजून न बघितलेला ठोकळा सारखेच दिसतात.

## स्वतः कोडं करणार असाल तर

तान्ह्या पोळ्याच्या आधी आमच्याकडे मुलं लाकडी बैलाची कोडी करतात. चाकांचा पाट, वर बैल, सात-आठ लांबीत छान बसतो. करताना क्रम असा: आधी वस्तू थरांत काढा, मग तिन्ही दिशांचे सगळे आकडे लिहा, मग वरच्या, समोरच्या आणि बाजूच्या आकड्यांची एकूण बेरीज घ्या. तिन्ही बेरजा सारख्या आल्या नाहीत तर मोजण्यात चूक आहे, पुढे जाऊ नका.

मग एकेक आकडा खोडत जा, आणि प्रत्येक वेळी कोडं अजून सुटतं का ते कोऱ्या पानावर सोडवून बघा. डोळ्यांनी नुसतं बघून चालत नाही. एका प्रकारच्या जागेवर विशेष लक्ष द्या: एकाच कापात आयताचे चार कोपरे, त्यातले तिरपे समोरासमोरचे दोन भरलेले आणि दोन रिकामे. अशा जागी ठिपके दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर सरकवले तरी त्या कापातल्या दोन्ही दिशांच्या बेरजा जशाच्या तशा राहतात, म्हणून कोड्याला दोन उत्तरं निघू शकतात. त्या चारपैकी निदान एका कोपऱ्यातून जाणाऱ्या तिसऱ्या दिशेच्या रांगेचा आकडा खोडू नका, आणि त्या रांगेतले बाकीचे ठोकळे इतर आकड्यांवरून ठरतात ना तेही बघा.

शेवटी कोडं अशा एखाद्याला द्या ज्याने वस्तू पाहिलेली नाही, आणि तो सोडवत असताना शेजारी बसून गप्प राहा. तो जिथे अडेल तिथला थर आणि रांग तुमच्या वहीत टिपून घ्या. तिथे आकडा परत द्यायचा की नाही ते त्याचं सोडवून झाल्यावर ठरवा.